सोनारचं (पाण्याखालचं आवाजानं टिपणाऱ्या यंत्राचं) चित्र धूसर येतं. नवं हेड (आवाज सोडणारा-ऐकणारा भाग) न घेता बीमफॉर्मिंग (अनेक सेन्सरचे सिग्नल जुळवून एका दिशेनं ऐकणं) आणि डिकन्व्होल्यूशननं (बीमच्या रुंदीमुळे आलेली धूसरता गणितानं काढणं) रिझोल्यूशन वाढेल का?

वाढतं. पण "डिकन्व्होल्यूशन नसलेल्या वस्तू दाखवतं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आधी त्याचाच निकाल लावतो.

नाथसागरात पैठणच्या अंगाला एका जॅकवेलसमोरचा (पाणी उपसायच्या विहिरीसमोरचा) गाळ बघायचा होता. हेड ४५० किलोहर्ट्झचं, ३२ चॅनेल (ऐकणारे सेन्सर), अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर. म्हणजे ॲरे (सेन्सरची रांग) जेमतेम ५३ मिलिमीटर आणि बीम (एका वेळी ऐकू येणारा दिशेचा पट्टा) ३.२ अंश, १५ मीटरवर त्याची रुंदी ८४ सेंटिमीटर. तिथं दोन जुने दगडी खांब आहेत असं भोई लोक सांगत होते, चित्रात मात्र एकच जाड डाग. त्यात साइडलोब (बाजूच्या नको त्या दिशांतून आत येणारा आवाज) दाबायला हॅमिंग (कडेच्या सेन्सरना कमी वजन देणं) लावून ठेवलेलं. साइडलोब −१३ डेसिबलवरून −४० च्या खाली जातात खरे, पण मुख्य लोब (म्हणजे बीमच) जवळपास दीडपट फुगतो. खांब आणखीच एकजीव झाले.

हॅमिंग काढलं, साधं बीमफॉर्मिंग केलं आणि त्यावर रिचर्डसन-लूसीच्या (फेऱ्याफेऱ्यांनी डिकन्व्होल्यूशन करायच्या पद्धतीच्या) १५ फेऱ्या चालवल्या. दोन शिखरं सुटी झाली, मधलं अंतर ६० सेंटिमीटर. अहवालातून ती "सॉफ्टवेअरचा खेळ" म्हणून खोडली गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं, खांब उघडे पडले. टेप लावला: मध्यापासून मध्यापर्यंत ६२.

हे जमलं ते बीम पॅटर्न (एका ठिपक्यासारख्या वस्तूचा प्रतिध्वनी दिशांमध्ये कसा पसरतो तो आकार) पुस्तकातला न घेता मोजून घेतला म्हणून. बेअरिंगचा ३८ मिलिमीटरचा पोलादी गोळा तंगुसानं पाण्यात मधोमध टांगा, तळापासून आणि पृष्ठभागापासून दूर, हेडपासून ७-८ मीटरवर. हेड −३०, ० आणि +३० अंशांना फिरवून पिंग (एकेक आवाजाचा ठोका) घ्या. गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) इतकाच ठेवा की एकही चॅनेल क्लिप होणार नाही (सिग्नल मर्यादेला टेकून कापला जाणार नाही). अंतराचा हिशेब वजा केल्यावर प्रत्येक चॅनेलमध्ये उरलेला फेज (लहरीची वेळेतली जागा) आणि गेनचा फरक हीच तुमची दुरुस्ती. ती केल्यावर तिन्ही पॅटर्न एकावर एक बसले पाहिजेत, तेही कोनावर नाही, कोनाच्या साइनवर. कोनावर आखले तर कडेचा बीम रुंद दिसणारच. तिथं एकच पॅटर्न सगळीकडे वापरला की कडेच्या वस्तू चुकतात.

सगळ्यात जास्त माती होते ती डेसिबलमध्ये. स्क्रीनवरचं लॉगरिदम घेतलेलं, जेपेग करून ठेवलेलं चित्र घेऊन लोक डिकन्व्होल्यूशन करतात आणि मग पद्धतीला नावं ठेवतात! ते गणित रेषीय पॉवरवरच खरं आहे. म्हणून चॅनेलचा कच्चा डेटा हवाच. हेड तो देत नसेल तर पुढचं काही वाचू नका.

फेरी साधी आहे: सपाट अंदाजापासून सुरुवात, त्याचं पॅटर्नशी कन्व्होल्यूशन (अंदाज पॅटर्ननं पसरवणं), मोजलेली पॉवर भागिले ते, भागाकार उलट्या पॅटर्ननं पसरून अंदाजाला गुणायचा. पॅटर्नची बेरीज १ ठेवा. मऊ गाळाचा सलग तळ फुटून ठिपके-ठिपके दिसू लागला की फेऱ्या जास्त झाल्या, मागे या.

पाण्याचं तापमान हेडच्या खोलीवर मोजा. गोड्या पाण्यात आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला १४८२ मीटर प्रति सेकंद आणि ३० अंशांना १५०९. हिवाळ्यात १५०० ठेवून काम केलंत तर ४५ अंशांच्या बीममध्ये पाऊण अंशाच्या आसपास चूक येते, आणि आपण भांडतोय एका अंशासाठी.

अंतराच्या दिशेला यातलं काही लागत नाही. २० किलोहर्ट्झची चर्प (इतक्या पट्ट्यातून वारंवारता सरकवणारा ठोका) आणि मॅच्ड फिल्टर (परतलेल्या सिग्नलशी सोडलेला ठोका जुळवून पाहणं) पावणेचार सेंटिमीटर देतात.

एक सांगायचं राहिलं: हे सगळं दोन वस्तूंचे प्रतिध्वनी एकमेकांशी फेजमध्ये बांधलेले नसतील तरच. एकाच अंतरावरच्या दोन वस्तू एका पिंगमध्ये बांधलेल्याच असतात. म्हणून होडी थोडी सरकू द्या, ८-१० पिंगांची पॉवर सरासरी घ्या, पण त्याआधी होडीचं डोलणं प्रत्येक पिंगमधून वजा करा, नाहीतर सरासरीच चित्र फासेल. आणि मोठ्या परावर्तकाशेजारची बारीक वस्तू गोंगाटाखाली गेली असेल तर कितीही फेऱ्या मारा, ती वर येणार नाही. तिथं खरंच मोठं हेड लागतं.