ग्राफिक कार्ड नंतर बसवता येईल, क्रेडिट कार्ड आधी मिटवा

सांगलीहून एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. पगार हातात ५२,०००. मुलगी इंटिरिअर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला, तिला ऑटोकॅड आणि स्केचअप ही डिझाइनची सॉफ्टवेअर लागतात. पत्नी शिवणक्लासचे व्हिडिओ करतात. मुलाला थोडे गेम खेळायचे आहेत. सगळ्यांना पुरेल असा एकच कॉम्प्युटर, सुटे भाग घेऊन, असेंबल करायचा आहे. दुकानदाराचं कोटेशन ९४,०००चं, नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. प्रश्न एवढाच: ग्राफिक कार्ड ८ जीबीचं घ्यावं की १२ जीबीचं?

पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. ‘आईच्या ऑपरेशनचे क्रेडिट कार्डावर १,१०,००० बाकी आहेत, पण चौदा महिन्यांत एकदाही मिनिमम चुकवलेलं नाही. दोन लाखांची एफडी मुलीसाठी ठेवली आहे, तिला हात लावायचा नाही.’

सर, माझं उत्तर या दोन ओळींनाच आहे.

कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागतं. १,१०,०००वर ते होतं ३,८५०, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेचार हजार. तुम्ही मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरता साडेपाच हजार. मुद्दल उतरतं ते हजाराच्या आत. या वेगाने निम्मी बाकी उतरायलाच साडेसहा वर्षं लागतील. मिनिमम भरल्याने लेट फी टळते, कर्ज फिटत नाही. गेल्या चौदा महिन्यांत व्याज आणि कर मिळून तुमचे ६५,००० गेले आहेत.

आणि या सगळ्या काळात दोन लाख एफडीत पडून आहेत. सात टक्के धरले तरी महिन्याला साडेअकराशे येतात. एका खिशात साडेअकराशे येतात, दुसऱ्यातून साडेचार हजार जातात. एफडी मोडायची म्हटलं की घरात दागिना मोडल्यासारखं वाटतं, हे मी रोज बघतो, आणि मुलीसाठी ठेवलेल्या पैशाबद्दल तर जास्तच. पण आज ती एफडी मुलीच्या शिक्षणाला नाही, कार्डाच्या व्याजाला राखण बसली आहे. मोडा. मुदतीआधी मोडल्याचे दोन-तीन हजार जातील, तेवढे तर कार्ड महिन्याभरात खातं. १,१०,००० भरून टाका, उरलेले ८५-९० हजार अडीअडचणीला ठेवा. घरात मोडण्याला फारच विरोध असेल तर त्याच एफडीवर बँकेतून कर्ज काढा. नऊ टक्क्यांनी व्याज महिन्याला आठशेच्या आसपास येईल.

आता तो नो-कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. व्याज असतंच, ते सवलत म्हणून वळतं केलेलं दाखवतात, आणि त्यावरचा जीएसटी व प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. हे किरकोळ दुखणं मी सोडून देईन. खरा धोका वेगळा आहे. दरमहाचे १०,४५० तुमच्या मिनिममवर चढतील, म्हणजे ५२,०००च्या पगारातून १६,०००. एखाद्या महिन्यात पूर्ण भरलं नाही की त्या हप्त्यालाही तेच साडेतीन टक्के लागणार. या कार्डावर आता एक रुपयाचीही खरेदी नको.

उलट हेच १६,००० चार महिने बाजूला टाका. ६४,००० जमतील.

त्यात मशीन येतं का? येतं, तुमचं कोटेशन समोर ठेवून सांगतो. दुकानदाराने रायझन ५ ७५००एफ हा प्रोसेसर लावला आहे. यातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. म्हणून २६,०००चं ग्राफिक कार्ड घेणं भाग पडतं. त्याऐवजी रायझन ५ ८६००जी घ्या. चार हजार जास्त लागतील, पण ग्राफिक्स आतच आहे, ऑटोकॅड, कॉलेजपुरतं स्केचअप आणि फुल एचडी एडिटिंग त्यावर चालतं. हे ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्यामुळे १६ जीबीची एकच स्टिक नको, आठ-आठच्या दोन घ्या. वेग खरोखर वाढतो. फाइली साठवायची एसएसडी सध्या ५०० जीबीची पुरे, दुसरी लावायला मदरबोर्डावर जागा असते.

कॅबिनेटसोबत चार हजारांत ‘५०० वॅटचा एसएमपीएस’ दिला आहे, तो नको. नाव-गाव नसलेला पॉवर सप्लाय उडाला तर बोर्डही घेऊन जाऊ शकतो. तीन हजारांचं साधं कॅबिनेट आणि चार हजारांचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझवाला (म्हणजे कमी वीज वाया घालवणारा), चांगल्या कंपनीचा सप्लाय घ्या. पुढे मध्यम ग्राफिक कार्ड त्यावर बसेल. सगळं मिळून ७३,०००. मॉनिटरचे दहा हजार काही महिने वाचवा, एचडीएमआय केबल टीव्हीला लावा. राहिले ६३,०००.

असेंबल मशीनची हीच तर खुबी आहे, ते टप्प्याटप्प्याने घेता येतं. मुलाला वर्षभराने ग्राफिक कार्ड घ्या, ८ की १२ ते तेव्हाच्या भावावर ठरवा.

‘थांबलो तर रॅम महागेल’ असं तुम्ही लिहिलंय. २०२५च्या अखेरीस भाव भडकले हे खरं. पण तीन हजारांनी वाढली तरी कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजाहून ते कमीच. मुलीला चार महिने कॉलेजची लॅब आहे.

तुमचे मेहुणे म्हणतात, व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतली तर महिना २५,००० सुटतील. पहिलं काम मिळून पैसे खात्यात येईपर्यंत त्यातला एक रुपयाही हिशेबात धरू नका.

आणि पत्रातली ती ५०,०००च्या हप्त्याची विमा पॉलिसी, जी बँकेत ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून गळ्यात मारली. एफडी मागायला आलेल्या माणसाला अशी पॉलिसी विकणं मला अजिबात पटत नाही. अशा पॉलिसीचा परतावा पाच-साडेपाच टक्क्यांच्या वर क्वचितच जातो, विमा तर पाच लाखांचाच. दोन हप्ते भरलेत. तिसरा भरण्याआधी आज सरेंडर केली (बंद करून पैसे परत घेतले) तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर किती, हे दोन आकडे लेखी मागा आणि मला पाठवा. तो हप्ता वाचला तर त्यातून घरच्यांचा आरोग्य विमा आधी काढा. आईचं ऑपरेशन कार्डावर करावं लागलं ते तो नव्हता म्हणूनच.

कार्डाचे पैसे भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये आणखी हजार-दोन हजार दिसतील. स्टेटमेंटच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. घाबरू नका, तेही लगेच भरा, आणि बाकी शून्य दिसल्यावरच ते स्टेटमेंट फाइलला लावा.