डाएट चिवडा आणि शुगर फ्री बिस्किटे घेताना तुलना कशी करावी?

मोठ्या किराणा दुकानात ‘डाएट’ लिहिलेले पदार्थ कोठे शोधावेत आणि कोणते घ्यावेत, असे आपण विचारले आहे. शुगर फ्री बिस्किटांना पुष्कळदा वेगळा कप्पा असतो. डाएट चिवडा मात्र बहुधा फरसाणाच्याच रांगेत सापडतो आणि ते सोयीचेच आहे, कारण साध्या चिवड्याचे पाकीटही तिथेच हाताशी असल्याने दोन्हींची मागची बाजू शेजारी शेजारी धरून वाचता येते. ‘प्रति सर्व्हिंग’चा रकाना सोडून द्यावा, कारण सर्व्हिंगचे माप ब्रँडनुसार बदलते, १०० ग्रॅममागील कॅलरी, स्निग्धांश आणि सोडियम एवढेच ताडून पाहावे. भारतीय नियमांनुसार ‘लो फॅट’ घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा अधिक स्निग्धांश चालत नाही, तर ‘शुगर फ्री’साठी साखरेची मर्यादा ०.५ ग्रॅम आहे. मात्र साखर नसलेल्या बिस्किटातही मैदा आणि पाम तेल भरपूर असू शकते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असल्याने पहिली दोन-तीन नावे वाचली की ते लगेच कळते. यादीत माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) दिसल्यास एका बैठकीत अर्धा पुडा संपवू नये; जुलाब होऊ शकतात.