जुनी डिझेल हॅचबॅक घेताना स्वतः काय काय तपासता येईल?

तुम्ही विचारलंय की ९० हजार किलोमीटर चाललेली डिझेल हॅचबॅक बघायला जाताय, ओळखीचा मेकॅनिक नाही, तर स्वतःला काय तपासता येईल. बरंच काही. फक्त गाडी थंड असतानाच बघायची, ही अट सोडू नका.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी या. मी पहिली डिझेल गाडी घेतली तेव्हा ती दारात सुरूच होती. आवाज छान, पिकअप छान, मी व्यवहार करून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या सेल्फला कशीबशी लागली आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. दोन इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) गेले होते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली गेली की इतकी तापते, की त्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. म्हणून कॉम्प्रेशन उतरलेलं असो, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारा) गेलेला असो की इंजेक्टर ठिबकत असो, खोड सकाळच्या पहिल्या सेल्फलाच कळते. इंजिन तापलं की तीच खोड झाकली जाते.

सुरू झाल्यावर मागे जाऊन धूर बघा. थंडीत क्षणभर पांढरट दिसला तर चालेल. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय: टर्बोचं (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) सील नाहीतर पिस्टनच्या रिंगा. रेस दिल्यावर दर वेळी काळा ढग आला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोचा एखादा फाटका पाइप.

मग गाडी आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण अलगद सैल करा (तोंड लांब ठेवा, काही इंजिनांत ऑइल उडतं). थोडी वाफ असतेच. पण भकभक धूर येऊन झाकण थडथडायला लागलं तर रिंगा झिजल्यात. मेकॅनिक लोक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, इंजिन खोलायचा खर्च त्यापुढे जातो. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलमध्ये ते बदलल्यावर लगेचच काळं होतं.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. न्यूट्रलला खडखड येते आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलतो किंवा थांबतो, तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं दोन भागांचं चाक) किंवा बेअरिंग दाखवून घ्या. फ्लायव्हीलचं काम महागडं असतं. टर्बो सुरू झाला की ओढ एकदम जाणवायला हवी. सायरनसारखी शिट्टी ऐकू आली तर टर्बोकडे संशयाने बघा.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) असेल तर बदलल्याचं बिल मागा, तोंडी शब्दावर राहू नका. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी जुळवा आणि पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज बघा. बॉडी, टायर, एसी कुठल्याही गाडीत बघता तसंच.

तुमचा रोजचा प्रवास किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर रोजचं अंतर फार महत्त्वाचं आहे. फिल्टरमधली काजळी जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि तिथवर पोचायला गाडी सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरच जाणं असेल तर फिल्टर तुंबतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसते. विकणाऱ्याची गाडीही अशीच चालली होती का, ते विचारा. तुमचं जाणं तेवढंच असेल तर माझा सल्ला पेट्रोल घ्या असाच आहे.