उलटी काढू नका: रॉकेल, थिनर आणि लहान मुलं

उन्हाळा लागला की रॉकेल, थिनर नाहीतर डिझेल प्यायलेली मुलं दवाखान्यात यायला लागतात. तहान लागलेली असते आणि बाटली हाताशी असते. बहुतेक एक ते तीन वर्षांची. मागोमाग पालकांचे प्रश्न येतात, आणि ते दर वर्षी तेच असतात. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: दीड वर्षाच्या नातवानं स्टोव्हजवळच्या बाटलीतलं रॉकेल तोंडाला लावलं. शेजारणीनं सांगितलं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. तासाभरात धाप लागली, चार दिवस ॲडमिट ठेवावं लागलं. सगळं बाहेर पडलं होतं, तरी असं का झालं?

बाहेर काढलं म्हणूनच झालं असावं, आजी.

रॉकेलचं खरं भय पोटाला नाही, फुप्फुसाला आहे. पोटात गेलेलं रॉकेल रक्तात फारसं शोषलं जात नाही. मळमळतं, जुलाब होतात, बहुतेकदा तेवढ्यावर निभावतं. श्वासनलिकेत मात्र त्याचे थोडे थेंब गेले तरी ते झरझर पसरतं. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे राहावेत म्हणून त्यांना आतून एक पातळ थर असतो, तो रॉकेलमुळे बिघडतो. फुगे मिटतात, सूज येते, पाणी भरतं आणि मुलाला ऑक्सिजन कमी पडू लागतो. पिताना मुलाला ठसका लागतो तेव्हा थोडं आत जातंच. उलटी काढली की पोटात निमूट पडलेलं रॉकेल आपण पुन्हा घशाशी आणतो आणि त्याला श्वासनलिकेत शिरायची दुसरी संधी देतो.

वर मिठाचं पाणी! लहान मुलाच्या रक्तात एवढं मीठ गेलं तर त्यानंच झटके येऊ शकतात. घशात बोट घालणं, पाय धरून उलटं टांगणं, पोट दाबणं हे सगळं त्याच माळेतलं. शेजारणीच्या ओळखीतला कुणी यानं बरा झाला असेल, तर तो उपायामुळे नव्हे, उपाय करूनही वाचला.

आणखी एक. ‘डॉक्टरांनी नळी घालून पोटसुद्धा धुतलं नाही’ अशी तक्रार करणारे नातेवाईक मला दर मोसमात भेटतात. नुसतं रॉकेल असेल तर पोट धुवायचं नसतं, कारण त्यातही तोच धोका. फवारणीचं औषध रॉकेलसारख्या द्रवात मिसळलेलं असेल तर गणित बदलतं, पण ते ठरवायचं रुग्णालयात, ओट्यापाशी नव्हे. म्हणून बाटली सोबत आणा. मूल आपणहून ओकलं तर त्याला कुशीवर वळवा, डोकं कमरेपेक्षा खाली ठेवा, आणि निघा.

प्रश्न: मग दूध द्यावं, ताक की चमचाभर तूप?

काहीही नाही. पोट जितकं भरलेलं तितकी उलटी सोपी.

प्रश्न: रेशनचं निळं रॉकेल जास्त विषारी असतं का?

नाही. तो रंग भेसळ ओळखता यावी म्हणून घालतात. फुप्फुसाला दोन्ही सारखंच.

प्रश्न: मुलीनं एकच घोट घेतला. लगेच एक्स-रे काढला, स्वच्छ आला. दीड तास झाला, खेळते आहे. घरी नेऊ का?

नका नेऊ. प्यायल्यापासून किमान सहा तास तिला डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या. लगेच काढलेला एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ दिसतो; डाग पुढच्या काही तासांत उमटू शकतात. पहिल्या सहा तासांत खोकला, धाप, ताप, ग्लानी यांतलं काहीच झालं नाही, तर पुढे बिघडण्याची शक्यता फार कमी. ‘एकच घोट’ हे तुम्ही बाटलीकडे बघून म्हणता की मुलीकडे बघून? आणि खोकला आला असेल तर ‘सकाळी दाखवू’ हा विचारच नको. श्वास जलद होणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, कण्हणं, ओठ निळसर पडणं, झापड येणं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

प्रश्न: ताप १०२, तरी आमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. दुसरे डॉक्टर पहिल्या दिवसापासून देतात म्हणे.

पहिल्या एकदोन दिवसांतला ताप बहुधा रॉकेलनं आलेल्या सुजेचा असतो, जंतूंचा नव्हे. तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. ताप टिकला किंवा उतरून पुन्हा चढला तर त्यांनाच विचारा, औषधांच्या दुकानदाराला नको.

प्रश्न: डासांच्या मशीनची रिफील मुलानं चोखली. पाकिटावर तर ‘बाळांसाठी सुरक्षित’ लिहिलंय.

तो दावा खोलीत सुटणाऱ्या वाफेबद्दल असतो, हे पाकीट ठळक अक्षरांत सांगत नाही. अशा बहुतेक रिफिलींत डास मारणारं औषध एक-दीड टक्का, आणि उरलेलं मुख्यतः वास काढून टाकलेलं रॉकेलच. वास नाही म्हणून मूल तोंड फिरवत नाही, एवढाच फरक. दिव्यांच्या काही रंगीत, सुगंधी तेलांचीही तीच गत. ती बाटली तर सरबतासारखीच दिसते. वर सांगितलेलं सगळं इथेही लागू. रिफील घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: उवांसाठी केसांना रॉकेल लावलं तर चालतं ना? आमच्याकडे पूर्वापार लावतात.

नाही. डोक्याची कातडी भाजते, वाफ नाकात जाते, आणि शेजारी चूल पेटलेली असते. उवांची औषधं मिळतात, वयाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न: अंगावर सांडलं तर?

कपडे लगेच काढा, साबण-पाण्यानं धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून दाखवून आणा.

प्रश्न: आता घरोघरी गॅस आहे. रॉकेलची एवढी काळजी कशाला?

रॉकेल गेलं, बाटली राहिली. रंगकाम करणारे थिनर पाण्याच्या बाटलीत आणतात आणि उरलेलं खिडकीत ठेवून जातात. पंपाचं डिझेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत. हार्डवेअरची काही दुकानं सुटं टर्पेंटाइन जुन्या बाटलीत भरून देतात, चार पैसे वाचतात म्हणून आपण घेतो. दक्षिण आफ्रिकेत लहान मुलांना न उघडणारे डबे घरोघरी वाटले, तेव्हा रॉकेल पिण्याच्या घटना जवळजवळ निम्म्यानं कमी झाल्या. आपल्याकडे तसं झाकण येईल तेव्हा येवो. तोवर मूळ डबा, कुलूप आणि उंच फळी, आणि उरलेलं थिनर रंगाऱ्याबरोबरच परत.

प्रश्न: अपरात्री विचारायचं कुणाला?

दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं: १८०० ११६ ११७, फोन मोफत. मूल खोकत असेल तर आधी १०८ लावा. केंद्राला डॉक्टर विचारतील.