बडोद्यात घर दाखवताना पुराची रेघ लपवू नका

तुम्ही विचारलंय की आई-वडिलांचं तळमजल्याचं घर विकायचंय, तर गिऱ्हाईक येण्याआधी पुट्टी मारून पांढरा रंग द्यावा का, आणि सामान ठेवून दाखवावं की रिकामं करून. सामानाचं नंतर सांगते. आधी पुट्टीचं, कारण त्या पुट्टीवरून आमच्याकडे झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आमचं घर कारेलीबागेत, नदीच्या अंगाला. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस झाला, तेव्हा पाणी ओट्याला लागून परत गेलं. 2024 च्या ऑगस्टअखेरीस मात्र विश्वामित्री नदी 35 फुटांच्याही वर चढली आणि आमच्या बाहेरच्या खोलीत 3 फूट पाणी उभं राहिलं. ओसरल्यावर चारी भिंतींवर मातकट रेघ उरली. बाबा आदल्याच वर्षी गेलेले, आईला एकटीला तिथे ठेवणं शक्य नव्हतं. घर विकायचं ठरलं.

दादा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "दिवाळीच्या आत पुट्टी मारून घे, पांढरा रंग दे, रेघ दिसता कामा नये." मी म्हटलं, भिंत ओली आहे. तो म्हणाला, वरून सुकलीय ना, बास. मी ऐकलं. साठ हजार गेले.

नोव्हेंबरच्या शेवटी दलाल एका जोडप्याला घेऊन आला. आई दाराशी खुर्चीवर बसलेली. त्या बाईंनी स्वयंपाकघर पाहिलं, मागची मोरी पाहिली, मग कपाट जरासं ओढून मागच्या भिंतीवर तळवा टेकवला. हाताला पांढरी भुकटी आली आणि टिचकी मारल्यावर पोपडाच खाली पडला. त्यांनी विचारलं, "अहीं पाणी भरायुं हतुं?" मी म्हटलं, "अंगणापर्यंत, थोडंसं." त्या काही बोलल्या नाहीत. खाली वाकून कपाटाचा फुगलेला पाय बघितला आणि नवऱ्याला म्हणाल्या, चला. आई उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गिऱ्हाईक गेल्याचं मला काही नाही. बाबांच्या घरात, आईच्या देखत मी खोटं बोलले, ते मला आजही सहन होत नाही.

आणि खोटं टिकणारही नव्हतं. 9 इंची विटेची भिंत पाणी पिते तेव्हा ओल रेघेच्याही वर चढते. सुकायला महिनोन्‌महिने लागतात, आणि सुकताना आतले क्षार बाहेर येऊन पुट्टी ढकलतात. शिवाय बडोद्यात घर घेणारा माणूस कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आधी विचारतो, चोवीस साली इथे पाणी किती होतं. त्याला सगळ्या सोसायटीची मापं पाठ असतात.

डिसेंबरात मी कुणाला न विचारता रेघेच्या वर दीड फुटापर्यंतचा गिलावा विटेपर्यंत काढून टाकला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. स्विचबोर्ड साडेचार फुटांवर घेतले. एका भिंतीवरची रेघ मुद्दाम तशीच ठेवून खाली खडूनं तारीख लिहिली. उत्तरायणानंतर एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी टेप काढून रेघेची उंची मोजली, जोतं किती उचलावं लागेल याचा हिशेब केला, तेवढे पैसे भावातून कमी करून मागितले, आणि त्याच आठवड्यात बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं.

दादा आजही म्हणतो, तू तीन लाख सोडलेस. मी म्हणते, ते आपले नव्हतेच. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 त्यानं वाचावं: घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं बघून कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. गिलाव्याखाली दडवलेली ओल त्यातच येते. दस्तऐवज झाल्यावर उद्या कुणी कोर्टात उभं केलं असतं तर पुण्याहून कोण येणार होतं? मीच गेले असते, आईला घेऊन.

आता सामान. थोडं ठेवा, अगदी रिकामं घर उजाड दिसतं, पण एकही वस्तू भिंतीला चिकटून नको. कपाटं हातभर पुढे ओढा, म्हणजे बघणाऱ्याला मागे हात घालता येईल. सकाळी पाणी येतं त्या वेळेला बोलवा, नळाचा जोर त्यांना स्वतः बघू दे. प्रॉपर्टी कार्ड आणि वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावत्या टेबलावर काढून ठेवा. देवघर शेवटी हलवा.

तुमच्या घरात पाणी शिरलंच नसेल आणि भिंती कोरड्या असतील, तर खुशाल रंग द्या, माझी काही हरकत नाही. मी आयुष्यात एकच घर विकलंय, तेही पुरातलं, म्हणून माझं सगळं बोलणं तिकडेच जातं. रंग द्यायचाच असेल तर हिवाळ्यात द्या. कमुरत्यात, म्हणजे उत्तरायणाआधीच्या अशुभ महिन्यात, तसंही कुणी बानाखत करत नाही, तो महिना भिंत सुकायला मिळतो.