कच्चं मिक्स आधी पाठवा

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाने घरीच लॅपटॉपवर काही अभंग रेकॉर्ड केले आहेत. मिक्सिंगला देताना काय काय पाठवायचं? शिवाय धास्ती वाटते, की आमचं भजन सिनेमातल्यासारखं होऊन परत येईल.
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : धास्ती रास्त आहे. म्हणूनच मी आधी कच्चं मिक्स मागते. तुम्हीच हेडफोन लावून, जमेल तसे आवाज वरखाली करून केलेलं. बरेच जण लाजेपोटी ते पाठवतच नाहीत. मला मात्र त्यातूनच कळतं, की बुवा किती पुढे हवेत, पेटी कुठवर चालते. एखादं वाद्य फारच मोठं वाटलं तर मी परस्पर खाली आणत नाही, फोन करते. पुष्कळदा उत्तर येतं, "ते तसंच हवंय." मग तसंच राहतं.

बाकी, दर माइकची वेगळी वेव्ह फाइल द्या : 24 बिट, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न लावलेली, सगळ्या एकाच क्षणापासून सुरू होणाऱ्या. नावं धड द्या, 'ऑडिओ 07' नको. आणि अभंगाचे शब्द लिहून द्या. ते वाचल्याशिवाय मी फेडरला, म्हणजे आवाज वरखाली करायच्या पट्टीला, हात लावत नाही.

भजनात खरी झुंज टाळाशी. सगळे गोल करून बसतात, टाळ प्रत्येक माइकमध्ये शिरतो. बुवांचे 'स', 'श', 'च' साधारण 5 ते 8 हजार हर्ट्झमध्ये चमकतात, टाळही तिथेच. आवाज उजळ करायला जावं तर आधी टाळच उजळतो. म्हणून टाळाचा स्वतःचा माइक मी बहुतेकदा बंदच ठेवते. बुवांच्या माइकमधला पुरून उरतो. बुवांचा आवाजही सगळा कॉम्प्रेसरवर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनावर, सोपवत नाही. कॉम्प्रेसर गाताना दाबतो आणि बुवांनी श्वास घेतला की सोडतो. त्या फटीतून टाळ उसळी मारतो. त्यापेक्षा हाताने, शब्दागणिक वरखाली करते. चरणाचा शेवटचा शब्द बुवा अर्धवट सोडतात, टाळकरी तो उचलतात. तो थोडा वर घ्यावा लागतो. वेळ खाणारं काम आहे, पण दुसरा रस्ता नाही.

आणि हो, चढत जाणारी लय मी सरळ करत नाही. करा म्हणालात तरी.

प्रश्न : स्पीकरवर छान वाटतं, पण मोबाइलवर पखवाजाची नुसती टकटक येते.

उत्तर : धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा, घुमारा जिथे असतो ते खालचे सूर मोबाइलच्या इवल्या स्पीकरला झेपत नाहीत. बास वाढवलात तर घरच्या स्पीकरवर भिंती हादरतील, मोबाइलवर ढिम्म फरक नाही. धुम्यावर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम आणलेली किंचित खरखर, द्या. त्याने मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे वरचे सूर उमटतात, ते फोन वाजवतो, आणि खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो. अर्थात, धुम्याला कणीकच नीट लागली नसेल तर माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न : इतरांच्या गाण्यांपुढे आमचं गाणं बारीक वाजतं. लाउड करून मिळेल?

उत्तर : मिळेल, पण घेऊ नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) पातळीला आणून वाजवतं. पखवाजाची थाप चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं. तुलना करायचीच तर दोन्ही गाण्यांची पातळी सारखी करून ऐका.