चित्रे काढल्याने दुःख उगाळले जाते का?

पाचव्या महिन्यात गर्भपात झालेल्या एका स्त्रीचे पती समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "ही रोज रात्री वही घेऊन रंगवत बसते. घरचे म्हणतात, खपली काढू नये. तुम्हीच हिला समजावा." ही काळजी माझ्याकडे वारंवार येते, म्हणून त्या दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

वहीत बाळाचे एकही चित्र नव्हते. पानामागून पान करड्या रंगाने भरलेले होते आणि प्रत्येक पानाचा खालचा डावा कोपरा तेवढा कोरा राहिला होता. "तिथे हात जातच नाही," एवढेच त्या म्हणाल्या. मी त्याचा अर्थ लावला नाही. चित्रावरून मनाचे निदान करण्याची घाई समुपदेशकाने करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

या दुःखाला हाताशी धरायला फारसे काही नसते. बहुधा फोटो नसतो, नाव ठेवलेले नसते, आठवणी सांगणारे कोणी नसते, आणि 'अजून वय आहे' या सांत्वनाने विषय मिटवला जातो. समाज ज्याची दखलच घेत नाही अशा शोकाची संकल्पना शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ च्या सुमारास मांडली, ती इथे तंतोतंत लागू पडते.

पुढच्या एका भेटीत त्यांनी मातीचा गोळा तळहातावर घेतला, थोडी माती काढली, पुन्हा चिमूटभर लावली आणि बराच वेळ नुसता तोलत राहिल्या. अहवालातले बाळाचे वजन त्यांना पाठ होते. मग त्यांनी तो पतीच्या हातावर ठेवला. आतापर्यंत समजावणीची भाषा करणारे ते गृहस्थ त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

पतीच्या त्या पहिल्या काळजीला मी दिलेले उत्तर असे होते: मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडल्याप्रमाणे शोकात माणूस कधी दुःखाकडे, तर कधी रोजच्या व्यवहाराकडे वळतो, आणि ही ये-जा स्वाभाविक असते. उगाळणे म्हणजे 'माझेच काय चुकले' हा एकच विचार डोक्यात थांबा न घेता फिरत राहणे. वही मात्र उघडता येते तशी मिटताही येते. म्हणून किती पाने भरली यापेक्षा वही मिटल्यावर काय होते, हे पाहावे. या बाईंना रंगवून झाल्यावर झोप लागत होती. चित्रकला येण्याची गरज नाही, काढलेले कोणाला दाखवण्याचीही नाही, आणि ज्यांना रंग हातात घ्यावासाच वाटत नाही त्यांच्यावर कोणी तो लादू नये.

मात्र वही मिटल्यावरही घालमेल वाढतच राहिली, झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेले राहिले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर रंगांवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे. त्या उपचारांसोबत वहीही चालू ठेवता येते.